रात्रीचं स्टेशन

रात्री दहानंतरची वेळ निवडा. जेवणं उरकलेली असावीत, टीव्ही बंद झालेला असावा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून या. पाठ टेकता येईल अशा जागी बसा आणि हे सावकाश वाचा. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबा, पुढचं कुठं पळून जात नाही.

आज आपल्याला एका गेलेल्या आवाजापाशी बसायचं आहे. तुमचं कुठलं तरी एक रेडिओ स्टेशन होतं. तुम्ही ते रोज ऐकायचात की फक्त परीक्षेच्या दिवसांत, ते रॉक लावायचं की भजनं, यानं काही बिघडत नाही. एक दिवस ते लागेनासं झालं. त्याचं नाव मनात आणा. नावाबरोबर एखादी खोली येईल, एखादं माणूस येईल, कधीची तरी थंडी येईल. येऊ द्या. त्यातून लगेच अर्थ काढू नका.

माझं स्टेशन मी सांगतो, म्हणजे आपण सोबतीनं चालू. मिडीयम वेव्ह, १५६६ किलोहर्ट्‌झ, आकाशवाणीची राष्ट्रीय प्रसारण सेवा, नागपूरच्या ट्रान्समीटरवरून. ऐकण्याचं ठिकाण कोपरगाव.

आता कोपरगाव नकाशावर पाहा. गोदावरी गावाला लागून वाहते. नगर, नाशिक आणि तेव्हाचं औरंगाबाद ही तिन्ही शहरं इथून शंभरेक किलोमीटरवर आहेत. तिन्हीकडं आकाशवाणीचं एफएम आहे. पण एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि क्षितिजापाशी संपतात. शंभर किलोमीटरवरच्या गावात त्या पोचल्या तर पोचल्या. त्यामुळं इथलं ऐकणं पुष्कळ वर्षं मिडीयम वेव्हवर उभं राहिलं. पुणे ७९२, जळगाव ९६३, परभणी १३०५, औरंगाबाद १५२१. कितीतरी घरांतल्या रेडिओच्या काचेवर या जागी बॉलपेननं खुणा केलेल्या असत. काटा खुणेवर आणायचा, मग केसभर पुढं, केसभर मागं, आणि आवाज स्वच्छ झाला की हात अलगद काढून घ्यायचा. तो हात काढून घेणं आठवतंय का? क्षणभर श्वाससुद्धा रोखलेला असायचा. तुमच्या बोटांना ते अजून ठाऊक असेल. बोटं नुसती हलवून पाहा.

मिडीयम वेव्हचा रात्रीशी एक खास संबंध आहे. दिवसा उन्हामुळं वातावरणाच्या वरच्या भागात एक थर तयार होतो आणि तो या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की थर विरतो, मग लहरी त्याच्याही वर जातात, तिथून वळून खाली येतात आणि शेकडो किलोमीटर लांब उतरतात. म्हणून दिवसा मुका असलेला काटा रात्री बोलायला लागायचा. नागपूरचा तो ट्रान्समीटर एक हजार किलोवॅटचा होता, पुण्याच्या दहापट. १८ मे १९८८ला ही सेवा सुरू झाली. संध्याकाळी ६.५०ला कार्यक्रम सुरू व्हायचे ते पहाटे ६.१०पर्यंत चालायचे. ताशी बातम्या असत, एकदा हिंदीत, एकदा इंग्रजीत. मध्ये गाणी, मुलाखती, वाचन. देश झोपलेला असताना चालणारी सेवा म्हणूनच ती आखलेली होती.

मग रात्री ऐकायचं कोण?

इथं थोडं रेंगाळू या. कोपरगावची शेती गोदावरीच्या कालव्यांवर पोसली आहे. नांदूर मधमेश्वरहून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. पाटाला आवर्तन सुटलं की पाणी घड्याळ बघून येत नाही. आपली पाळी रात्री दोनला आली तर दोनला दारं धरायला, म्हणजे पाणी सरीसरीत वळवायला जायचं. विहिरीवर मोटर असली तरी शेतीची लाईट कित्येक आठवडे रात्रीचीच. डोक्याला मफलर, हातात बॅटरी, खांद्यावर खोरं आणि खिशात किंवा बांधावर ठेवलेला छोटा ट्रान्झिस्टर. एक सरी भरायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात करण्यासारखं काही नसतं. उसात खसपसलं की अंगावर काटा येतो, कारण बिबट्या आता या भागात गोष्टीतला राहिलेला नाही. अशा वेळी माणसाचा आवाज हवा असतो. तो काय बोलतोय ही नंतरची गोष्ट.

कारखान्यांचा हंगाम आठवा. संजीवनीला, कोळपेवाडीला उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रात्रभर रांगेत. गव्हाणीपर्यंत नंबर लागायला पहाट व्हायची. गाडीवान जुवाला टेकून बसलेले, बैल रवंथ करणारे, कुठल्या तरी गाडीतून बारीक आवाज येत असलेला. शिवाय रेल्वे स्टेशनवरचे हमाल, दवाखान्यात रात्रपाळीला बसलेली नर्स, आजारी सासऱ्यापाशी जागणारी सून. लाईट गेली की सेल भरलेला रेडिओ उलट जास्त स्वच्छ वाजायचा, कारण मोटरींच्या स्टार्टरची आणि ट्यूबच्या चोकची खरखर थांबलेली असायची. गाव अंधारात आणि आवाज मात्र पूर्वीपेक्षा लख्ख.

या माणसांपैकी एक निवडा. त्याच्या शेजारी मनानं बसा. त्याला काही विचारू नका. तो ऐकतोय, तुम्ही त्याचं ऐकणं पाहा.

डिसेंबर २०१८च्या अखेरीस प्रसार भारतीचा आदेश निघाला आणि जानेवारी २०१९च्या सुरुवातीला बातमी आली की राष्ट्रीय प्रसारण सेवा बंद करण्यात येत आहे. त्याच आदेशात अहमदाबाद, हैदराबाद, लखनौ, शिलाँग आणि तिरुवनंतपुरम इथल्या पाच प्रादेशिक प्रशिक्षण संस्थाही होत्या. कारण खर्चकपातीचं. वर्तमानपत्रांत ही बातमी आतल्या पानांवर आली आणि गेली.

खर्चाचा हिशेब खोटा नव्हता. एक हजार किलोवॅटचा ट्रान्समीटर रात्रभर चालवायला वीज किती लागते याची कल्पना कुणालाही येईल, आणि ऐकणारे कमी झाले होते हेही खरं. मला त्या निर्णयाशी भांडायचं नाही. जमाखर्चाच्या वहीत जे लिहिता येत नाही, त्यापाशी मला तुम्हाला न्यायचं आहे.

स्टेशन बंद पडतं तेव्हा रेडिओतून शांतता येत नाही, खरखर येते. मिडीयम वेव्हवरची खरखर ऐकून पहिली शंका कुणावर येते? स्वतःच्या सेटवर. माणूस सेल काढतो, पँटला पुसतो, परत घालतो. सेट खिडकीशी नेतो, आडवा धरतो, उभा धरतो. दुसऱ्या रात्री पुन्हा. तिसऱ्या रात्री नवे सेल आणतो. आपलंच काही बिघडलंय असं त्याला वाटत राहतं. बातमी आतल्या पानावर छापून आली होती, पण दारं धरणाऱ्यापर्यंत ती पोचली असेलच असं नाही. मला या सगळ्यात हेच सर्वांत जास्त लागतं. गेलेलं स्टेशन आपण गेल्याचं सांगू शकत नाही, आणि मागे राहिलेला माणूस कितीतरी रात्री स्वतःतच दोष शोधतो.

इथं थांबा. तुमचं स्टेशन गेलं तेव्हा तुम्ही काय केलंत ते आठवा. तुम्हाला आधी कळलं होतं का? कुणी निरोप घेतला होता का? की तुम्हीही काटा पुढंमागं फिरवत राहिलात? त्या फिरवण्यात जी आशा होती ती आत्ता पुन्हा जाणवते का पाहा. जाणवली तर ती असू द्या.

आपल्याकडं माणूस गेला की काय करायचं याची रीत आहे. गोदावरीच्या घाटावर दशक्रिया होते, नातेवाईक जमतात, चौकात फोटोसह श्रद्धांजलीचा फलक लागतो, प्रवचन होतं. चार लोक येऊन बसतात, आणि त्यांच्या येण्यानं आपलं कुणीतरी गेलं हे जगानं मान्य केल्यासारखं होतं. आवाज गेला तर असं काही नाही. ‘माझं रात्रीचं स्टेशन गेलं’ असं कुणी चहाच्या टपरीवर म्हणालं तर समोरचा म्हणेल, अहो, सगळं फोनवर मिळतं की.

हे वाक्य आता आपण नीट हातात घेऊ. प्रेमानं म्हटलेलं आहे, आणि बऱ्याच अंशी खरंही आहे. गाणी फोनवर मिळतात. राष्ट्रीय सेवेवर लागणारं जवळजवळ प्रत्येक गाणं आज हवं त्या क्षणी लावता येतं. म्हणजे गाणी गेलेली नाहीत. मग जे गेलं ते काय?

डोळे मिटून दोन गोष्टी शेजारी ठेवा. एकीकडं, तुम्ही स्वतः शोधून लावलेलं गाणं. दुसरीकडं तेच गाणं, रात्री सव्वादोनला, न मागता लागलेलं. दोन्हींत सूर तोच आहे, शब्द तेच आहेत. फरक कुठं जाणवतो? छातीत, घशात, की कुठंच नाही? घाईनं उत्तर देऊ नका.

माझ्यापुरतं मला असं दिसतं. न मागता लागलेल्या गाण्यामागं कुणीतरी जागं असतं. कुणीतरी ते निवडलं, कुणीतरी ते लावलं, आणि त्याच क्षणी ते इथल्या वारी गावाच्या शिवारात, वर्ध्याच्या एखाद्या फाटकावर, दूर छत्तीसगडच्या एखाद्या गॅरेजमध्ये ऐकलं जातंय. ही माणसं मला दिसत नाहीत, मी त्यांना कधी भेटणार नाही, तरी आम्ही एकाच वेळी एकाच ओळीवर आहोत. झोपलेल्या वाड्यात एका खोलीत दिवा चालू दिसावा तसं ते स्टेशन असायचं. फोनवरचं गाणं माझ्यासाठी थांबतं, माझ्यासाठी सुरू होतं, मला हवं तेव्हा मागं जातं. त्यात दुसरं कुणी नसतं.

नवविधा भक्तीत श्रवण पहिलं मोजलं आहे. सप्त्यात मंडपात बसून कीर्तन ऐकणारा माणूस शेजाऱ्याच्या गुडघ्याला गुडघा लावून ऐकतो. तिथं सोबत दिसते. रेडिओनं ती सोबत न दिसता दिली. मला ही फार मोठी देणगी वाटते, आणि आपण तिची नोंद पुरेशी केली नाही असंही वाटतं.

ज्याची आवड त्याच्या गल्लीत दुसऱ्या कुणाला नसते, त्याच्यासाठी ही सोबत आणखी मोलाची. रॉक ऐकणाऱ्या मुलाचा विचार करा. कोपरगावात रॉकसाठी वेगळं स्टेशन नव्हतं. तालुक्याच्या गावात गिटारचा तो करकरीत आवाज आवडणारा मुलगा बहुधा एकटाच असतो. घरात आवाज कमी कर म्हणतात, मित्र हसतात. दोन हजारच्या दशकात वर्ल्डस्पेस नावाची उपग्रह रेडिओ सेवा होती. वर्गणी भरायची, छोटी अँटेना आकाशाकडं रोखायची, की गावाच्या अंतराला काही अर्थ उरायचा नाही, कारण आवाज थेट वरून यायचा. तिच्यावर शास्त्रीय संगीताची वाहिनी होती तशी पाश्चात्य संगीताचीही होती. मूळ अमेरिकी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि डिसेंबर २००९च्या अखेरीस भारतातली सेवा थांबली. ज्यांनी वर्गणी भरली होती त्यांच्या पैशांची चर्चा झाली. त्या आवाजावर आपल्यासारखे आणखी आहेत हे ज्यांना कळलं होतं, त्यांचं काय, याची फारशी झाली नाही.

लांबच्या शहरांतही हेच घडलं आहे. बॉस्टनमध्ये डब्ल्यूबीसीएन या स्टेशननं मार्च १९६८मध्ये रॉक लावायला सुरुवात केली आणि ऑगस्ट २००९मध्ये १०४.१वरून ते गेलं. चाळीस वर्षांत बाप आणि मुलगी दोघंही एकाच स्टेशनवर मोठे झाले असतील. ब्रिटनमध्ये मार्च २०१०ला बीबीसीनं सिक्स म्युझिक हे स्टेशन बंद करायचा प्रस्ताव मांडला. बातमी फुटली तसे ऐकणारे वाढले, निषेध झाले, आणि त्याच वर्षी जुलैत बीबीसी ट्रस्टनं प्रस्ताव नाकारला. ते स्टेशन वाचलं.

रात्री दारं धरणारा शेतकरी आणि रॉक ऐकणारा तो मुलगा यांना मनात एकाच बांधावर बसवा. एक वेळेनं एकटा पडलेला, दुसरा आवडीनं. दोघांचं एकमेकांशी पटेलच असं नाही, पण खरखर सुरू झाल्यावर दोघं सारखंच करतात. सेट उचलतात आणि दिशा बदलून पाहतात.

आणखी एक गोष्ट गेली, ती गावाच्या नावाची. फर्माईशीच्या कार्यक्रमात निवेदक नावं वाचायचे. गाणं तीन मिनिटांचं आणि नावांची यादी कधी कधी त्याच्या अर्ध्याइतकी. पोस्टकार्ड टाकायचं आणि मग आठवडेच्या आठवडे वाट पाहायची. ‘आपली आवड’ला घरातले सगळे कान टवकारून बसायचे, आणि आपलं नाव आलं नाही तरी कोपरगाव हा शब्द आला की कुणीतरी ‘अरे!’ म्हणायचं. संवत्सर, पोहेगाव, चासनळी, रवंदे ही नावं एरवी एसटीच्या पाटीवर आणि सातबाऱ्यावर असायची. हवेतून, एका अनोळखी माणसाच्या स्वच्छ उच्चारात ती ऐकू आली की त्या गावालाच जरा ताठ बसल्यासारखं व्हायचं.

तुमच्या गावाचं नाव आता मनात म्हणा. तुमच्या स्टेशनवरचा निवेदक जसं म्हणाला असता, तसं म्हणा. त्याचा आवाज आठवतोय का? बहुतेक आठवत असेल, चेहरा मात्र कधी पाहिलेलाच नसेल. पुन्हा एकदा म्हणा, जरा सावकाश.

आता मनात राग येत असेल तर तोही येऊ द्या. मननात फक्त मऊ भावनांनाच जागा आहे असं नाही. असा राग उपयोगी पडल्याची आपल्याकडं जुनी नोंद आहे. २३ जुलै १९२७ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबईचं केंद्र सुरू झालं. तीन वर्षांच्या आत, १९३०च्या मार्चमध्ये, कंपनी बुडाली. सरकारनं केंद्रं आपल्याकडं घेतली, आणि १९३१च्या ऑक्टोबरमध्ये काटकसरीच्या नावाखाली तीही बंद करायचं ठरवलं. तेव्हा देशभरात रेडिओचे परवाने जेमतेम आठ हजारांच्या घरात होते. हिशेबानं पाहिलं तर एवढ्याशा लोकांसाठी कोण थांबणार? पण त्या थोड्या लोकांनी आणि रेडिओच्या व्यापाऱ्यांनी गलका केला, आणि नोव्हेंबरमध्ये सरकारला निर्णय फिरवावा लागला. पुढं आकाशवाणी म्हणून जे काही घडलं, ते त्या गलक्यानंतरचं आहे. कोपरगावातल्या घरांत पोस्टात शिक्के मारून आणलेली रेडिओ परवान्याची पुस्तकं पुढं कित्येक वर्षं दिसायची, तीही त्यानंतरचीच.

जून २०२३मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून द्यायचं ठरलं. पुण्याच्या सकाळच्या बातमीपत्रावर कितीतरी घरांचं घड्याळ चालतं. विरोध झाला, आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. म्हणजे ऐकणारे बोलले तर कधी कधी ऐकलं जातं.

राष्ट्रीय सेवेच्या वेळी तसं झालं नाही. का, याचा मी विचार करतो. सिक्स म्युझिकचे श्रोते एकमेकांना शोधू शकले. पुण्याचे श्रोते एका शहरात होते, त्यांच्यामागं पत्रकार होते, पुढारी होते. रात्री ऐकणाऱ्यांची संघटना नसते. पाटाचं पाणी भरून झाल्यावर माणूस सकाळी झोपतो, निवेदन द्यायला तहसीलवर जात नाही. एका हवेत असूनही ही माणसं एकमेकांना अनोळखीच राहिली, आणि त्यांच्या सोबतीचं जे सौंदर्य मी मघाशी सांगितलं तेच त्यांना बोलण्याच्या वेळी आडवं आलं. हे मला कुठल्याच बाजूनं सोडवता येत नाही. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही माझ्याजवळ तसंच आहे. तुम्हीही ते तसंच धरून थोडा वेळ बसा.

श्वासाकडं लक्ष न्या. मुद्दाम लांब घेऊ नका, चालतोय तसा चालू द्या. खिडकीबाहेर काय ऐकू येतं? महामार्गावरचा ट्रक, मनमाडच्या दिशेची गाडी, कुत्रं, पंख्याची कुरकुर. यातलं काही तुम्ही निवडलेलं नाही. तरी ते ऐकत राहा. जे आपण निवडलेलं नाही ते ऐकत राहण्याची सवय त्या स्टेशननं लावली होती, आणि ती कानांत अजून शिल्लक आहे की नाही ते स्वतः तपासा. असेल तर बरं वाटेल. विरत चालली असेल, तर तेही कळलेलं बरं.

आपलं स्टेशन आठवताना ‘पूर्वी सगळं चांगलं होतं’ असं मन म्हणायला लागलं, तर त्याला हळूच थांबवा. पूर्वी रात्री दोनला पाणी भरायला जावं लागायचं, आणि अजूनही जावं लागतं. पूर्वी पोस्टकार्ड गहाळ व्हायची, ऐन नाटकात स्टेशन सरकायचं, निवेदकाला आपलं आडनाव नीट म्हणता यायचं नाही. दुःख करायला भूतकाळ निर्दोष असावा लागत नाही. जे गेलं ते जेवढं होतं तेवढंच धरा. तेवढंही पुष्कळ आहे.

उद्या दिवसा एक काम करा. तुमच्या घरात, शेजारी किंवा वस्तीवर रात्री रेडिओ ऐकणारं कुणीतरी होतं. आजोबा असतील, कारखान्यातून निवृत्त झालेले काका असतील, दवाखान्यातल्या मावशी असतील. त्यांच्याकडं जा. रेडिओ कधी बंद केलात, असं विचारू नका. त्यावर ते फक्त साल सांगतील. रात्री कुठं बसून ऐकायचात, सेट कुठं ठेवायचात आणि खरखर सुरू झाल्यावर पहिल्यांदा काय केलंत, ते विचारा. ते आधी म्हणतील, अरे त्यात काय सांगायचं. जरा वेळानं बोलायला लागतील. कदाचित मूळ गोष्ट सोडून पाण्याच्या पाळीवर जातील, गेलेल्या बैलावर जातील, एखाद्या गाण्यावर अडतील. मध्ये बोलू नका. गाणं त्यांना आठवत नसलं, तर फोन काढून शोधून देऊ नका. त्यांचं त्यांना आठवू द्या.